पालीच्या घरांचा हिशेब कोण मांडणार?

पाली म्हटले की आमच्या वाचकाला प्रथम आठवते ती तथागतांच्या वचनांची भाषा. कोणाला रायगड जिल्ह्यातले देवस्थान आठवेल. आज आम्ही लिहीत आहोत ते तिसऱ्याच पालीबद्दल. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी ही गावे मागे टाकत रस्ता उत्तनकडे जातो. उत्तनला लागून समुद्राच्या काठाने पाली आणि चौक ही मच्छीमारांची गावे आहेत. मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतली ही गावे शहराच्या कागदावर आली, पण शहराच्या हिशेबात कधी आली नाहीत. हा हिशेब कसला, तो कोणी मांडायचा आणि त्याच्याशी आंबेडकरी चळवळीचा काय संबंध, एवढेच आज सांगायचे आहे.

ओळखीच्या एका कुटुंबाच्या घरदुरुस्तीची कागदपत्रे पाहण्यासाठी आम्ही पालीला गेलो होतो. घराचा मागचा भाग जुना, जाड भिंतींचा, वर मंगलोरी कौले. पुढचा भाग नवा, आरसीसी स्लॅबचा. दुपारची वेळ होती. घरातली सगळी माणसे, म्हातारीपासून नातवापर्यंत, मागच्या जुन्या भागात बसली होती. पुढच्या नव्या खोलीत पंखा फिरत असूनही बसवत नव्हते. लाखो रुपये ज्या खोलीवर खर्च झाले ती दुपारी रिकामी, आणि आजोबांच्या हातची जुनी खोली भरलेली! आमच्यासमोर कागदांचा गठ्ठा होता. त्यात घराचे क्षेत्रफळ होते, घरपट्टीची पावती होती, वीजबिले होती. पण या घरात किती सिमेंट गेले, किती लोखंड गेले, रेती कुठून आली, वीट कोणी भाजली आणि हे घर थंड ठेवायला वर्षाला किती वीज लागते, हे सांगणारा एकही कागद नव्हता. पालीतच काय, साऱ्या शहरात तो कोणाकडे नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे विकास आराखडा करण्यापूर्वी जमिनीच्या सध्याच्या वापराचे सर्वेक्षण करून नकाशा तयार करावा लागतो. म्हणजे कुठे घरे, कुठे दुकाने, कुठे शेती, कुठे मिठागरे, हे रंग भरून दाखवावे लागते. कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना तीस दिवसांत हरकती आणि सूचना देता येतात. मिरा-भाईंदरचा सुधारित प्रारूप आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. रस्ता कोणाच्या अंगणातून जातो, आरक्षण कोणाच्या जमिनीवर पडते, यावर लोक भांडले आणि ते योग्यच होते. पण जमिनीचा नकाशा म्हणजे शहराचा अर्धा नकाशा. त्या जमिनीवर उभी राहणारी घरे काय खातात आणि काय टाकतात, याचा नकाशा काढण्याची सक्ती या कायद्यात कुठेच नाही. जमिनीला रंग आहे. रेतीला, विटेला, विजेला, पाण्याला रंग नाही. आणि ज्याला नकाशात रंग नाही, त्याची चोरी पकडता येत नाही.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतील, वकीलसाहेब, इथे डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही सिमेंटची पोती काय मोजता? पर्यावरण हा भरल्या पोटाच्या लोकांचा छंद आहे. या आक्षेपाला उत्तर दिलेच पाहिजे. म्हणून एका घराचा हिशेब मांडू.

बांधकाम कंत्राटदारांचा ढोबळ ठोकताळा असा की आरसीसी बांधकामात एका चौरस फुटाला सुमारे ०.४ पोते सिमेंट आणि ४ किलो लोखंड लागते. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या लहानशा घराला १२० पोती, अर्थात ६ टन सिमेंट आणि सव्वा टनाच्या आसपास लोखंड. सिमेंट कसे बनते? चुनखडी सुमारे १४५० अंश तापमानाच्या भट्टीत भाजावी लागते. भाजताना कोळसा जळतो तो वेगळाच, पण खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो. हे रसायनशास्त्र आहे, भट्टी कितीही चांगली असली तरी ते चुकत नाही. एक टन सिमेंटमागे साधारण ६०० किलो कार्बन वायू धरला तर आपल्या ३०० फुटांच्या घराच्या सिमेंटनेच साडेतीन टनांहून अधिक वायू हवेत सोडला. हा खर्च घरात कोणी राहायला येण्यापूर्वीच झालेला असतो. त्याला आम्ही घरात गाडलेली ऊर्जा म्हणतो.

दुसरा खर्च रोजचा. दिवा, पंखा, फ्रीज, पाण्याचा पंप, इमारत उंच असेल तर लिफ्ट. दीड टनाचा एसी एका तासात साधारण दीड युनिट खातो. तेवढ्या विजेवर साधा पंखा वीस तास चालतो. घराला आडवा वारा येत असेल, भिंतीवर सावली असेल, छप्पर तापत नसेल, तर पंख्यावर भागते. नसेल तर ज्याच्याकडे पैसा आहे तो एसी लावतो आणि ज्याच्याकडे नाही तो पत्र्याखाली भाजून निघतो. म्हणजे घर कशाचे बांधले यावर वीजबिल ठरते आणि वीजबिल परवडते की नाही यावर तब्येत ठरते.

तिसरा खर्च शेवटचा. इमारत पडते किंवा पाडली जाते तेव्हा राडारोडा निघतो. मिरा-भाईंदरमध्ये १९८० आणि १९९० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या अनेक इमारती आज पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. चाळीस वर्षेही न टिकणारी घरे आम्ही बांधली, त्यात डोंगर आणि खाडी ओतली आणि आता ती फोडून पुन्हा नव्याने डोंगर आणि खाडी मागत आहोत. फोडलेला राडारोडा कुठे जातो? रात्रीच्या अंधारात तो मिठागरांत आणि तिवरांत गेला तर दुसऱ्या दिवशी तिथे भरतीचे पाणी शिरत नाही, आणि ज्याच्या जाळ्यात मासा येत नाही तो पालीसारख्या गावात राहतो.

आता या हिशेबामागची माणसे पाहा. इथूनच हा विषय चळवळीचा होतो.

रेती पाहा. भाईंदर आणि नायगावच्या मधल्या खाडीत पूर्वी डुबी मारून बादलीने रेती काढणारे मजूर होते. नंतर सक्शन पंप आले. बेकायदा उपशामुळे तिथल्या रेल्वेपुलांच्या सुरक्षेचा प्रश्न वारंवार उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितले की पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल. आदेश झाला, पण शहराला वर्षाला किती रेती लागते हेच ठाऊक नसेल तर त्यातली किती कायदेशीर आणि किती चोरीची, हे महसूल खाते कशावरून ठरवणार?

दगड पाहा. जुने गॅझेटियर सांगते की याच धारावी बेटाच्या टेकड्यांतला दगड पोर्तुगीजांच्या काळात वसईच्या बांधकामांसाठी गेला. बेट म्हणजे हेच उत्तन, पाली, डोंगरी. दगड नेणारे गेले, टेकडीच्या पोटातले खड्डे राहिले. आणि दगड फोडणारा माणूस? हरियाणातील फरिदाबादच्या दगडखाणींतील वेठबिगारांबद्दलचे एक पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले आणि डिसेंबर १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणात निकाल दिला. त्या निकालाने देशाला सांगितले की दिल्लीच्या आसपासच्या इमारतींचा दगड गुलामीतून येतो. आमच्या इमारतींचा दगड कुठून येतो हे विचारणारे पत्र कोणी लिहिले?

वीट पाहा. दिवाळीनंतर पालघर, ठाणे, रायगडच्या पाड्यांवरून कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल फिटली तर हाती थोडे पैसे, नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगार पद्धती १९७६ च्या कायद्याने संपली, असे कागद म्हणतो. भट्टीमालकाकडे हजारी विटांचा चोख हिशेब असतो. नवराबायको आणि पोरे मिळून किती तास राबली याचा हिशेब मात्र कोणाकडे नसतो. जो समाज वीट मोजतो आणि वीट पाडणारी बाई मोजत नाही, त्या समाजाची जात वेगळी सांगायला नको.

वीज आणि पाणी पाहा. या भागासह मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी डहाणूला कोळशावरचे ५०० मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. त्याला तिथल्या लोकांनी केलेला विरोध १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पाण्याचेही तसेच. पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीच्या पाण्यातून वसई-विरारला १८५ आणि मिरा-भाईंदरला २१८ दशलक्ष लिटर रोज देण्याची योजना आखली गेली. ज्या खोऱ्यातून पाणी उचलायचे तिथला आदिवासी शेतकरी आपल्या शेताच्या पाण्यासाठी भांडत राहिला. म्हणजे शहरातल्या घराच्या नळाचा माग काढा किंवा दिव्याच्या तारेचा, दोन्ही वाटा त्याच आदिवासी जिल्ह्यात जातात. आणि घरातून निघालेला कचरा? तो उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तिथल्या कचऱ्याला आगी लागतात, दुर्गंधी पसरते, घाण पाणी खाली झिरपते. ते सोसतात उत्तन, पाली, चौकचे लोक, ज्यांच्या घरांतून त्यातला फार थोडा कचरा आला आहे.

आमच्या आक्षेपकांना आम्ही विचारतो, हा भरल्या पोटाचा छंद आहे काय? घराचा हिशेब मांडला की प्रत्येक रकान्याच्या शेवटी एक माणूस उभा राहतो. तो कातकरी असतो, वडार असतो, कोळी असतो, नाक्यावरचा बौद्ध किंवा मातंग बिगारी असतो. टॉवरचा मालक त्या रांगेत नसतो. म्हणून हा हिशेब मांडायला कोणाला घाई नाही.

सरकारला प्रश्न सुचलाच नव्हता असे नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर आणि त्यावरील बांधकामांना पूर्वमंजुरी सक्तीची केली. तिच्यासोबतचा अर्ज १-अ काढून पाहा. त्यात बांधकाम साहित्याचा वेगळा भाग आहे, ऊर्जा बचतीचा वेगळा भाग आहे. जास्त ऊर्जा गाडलेले साहित्य वापरणार आहात काय, असे त्यात स्पष्ट विचारले आहे. उत्तर कोण देतो? बिल्डरचा सल्लागार. एका इमारतीपुरते देतो. दहा इमारतींची उत्तरे एकत्र करून शहराची बेरीज कोण करतो? कोणीही नाही. प्रश्न विचारायचा आणि बेरीज करायची नाही, ही आपल्या प्रशासनाची जुनी हातोटी आहे.

पुढचे कायदेही मोठ्यांपाशीच थांबले. २०१८ साली केंद्राने निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता आणली. बाहेरच्या भिंतीछपरातून किती उष्णता आत शिरावी याची मर्यादा तीत घातली आहे. पण ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारती कक्षेत आल्या, त्यासाठी जोडभाराची अट १०० किलोवॅट. राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन निर्माण करणाऱ्यावर जबाबदारी टाकली. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे नवे नियम म्हणून आणले गेले, त्यांचाही मुख्य रोख २०,००० चौरस मीटरच्या प्रकल्पांवर. लहान घराला या नियमांच्या जाचातून सूट मिळाली, याचा आनंद मानावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. सूट मिळाली ती जबाबदारीतून, पण त्याबरोबर मदतीतूनही. पालीच्या कोळ्याला आणि आमच्या वस्तीतल्या बिगाऱ्याला थंड छप्पर कसे घालावे हे सांगायला कोणी येणार नाही. हिरवे प्रमाणपत्र टॉवरला आणि तापलेला पत्रा गरिबाला, ही ती वाटणी.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. तो दहिसरच्या हद्दीशी संपतो. उष्णता मात्र दहिसरच्या नाक्यावर थांबत नाही.

इथे एक धोका ओळखला पाहिजे. शाश्वत विकासाचे नाव घेऊन गरिबांना काटकसर शिकवणारे पुष्कळ भेटतात. बाबासाहेबांची भूमिका याच्या उलट होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी आणि औद्योगिकीकरणाशी जोडला. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, कारण तिच्यावाचून या देशातला माणूस दारिद्र्यातून सुटणार नाही, ही त्यांची मांडणी. म्हणून आमच्या माणसाने कमी वीज वापरावी यासाठी आम्ही हिशेब मागत नाही. कोणाला गरजेपेक्षा कमी मिळते आणि कोण गरजेच्या कितीतरी पट ओढतो हे दिसावे म्हणून मागतो. हा नकाशा काटकसरीचा नाही, वाटपाचा आहे.

गरज म्हणजे किती? याचे उत्तरही न्यायालयाने देऊन ठेवले आहे. उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींच्या घरांसाठी जमीन संपादन झाली, तिला जमीनमालकांनी आव्हान दिले. चमेली सिंग प्रकरणात डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपादन कायम ठेवले. न्या. के. रामस्वामी यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा सार असा की निवारा म्हणजे डोक्यावरचे नुसते छप्पर नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, स्वच्छ परिसर, उजेड, मोकळी हवा, पाणी, वीज, स्वच्छता हे सारे मिळून निवारा होतो आणि तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. उजेड आणि हवा हा घटनात्मक हक्क आहे, हे दलितांच्या घरांच्या खटल्यातून ठरले. मार्च २०२४ मध्ये रणजितसिंह प्रकरणात त्याच न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही मान्य केला. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर तापलेल्या पत्र्याखाली माणसाला राहायला लावणे हा केवळ गरिबीचा प्रश्न राहत नाही.

आता स्वतःकडे पाहू. घरांच्या लढ्यात आम्ही काय मागितले? चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात २२५ चे २६९ झाले, २६९ चे ३०० झाले. प्रत्येक वाढीसाठी मोर्चे निघाले. फूट मिळाले, पण वारा मिळाला काय? मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत झालेल्या अभ्यासातून दिसले की इमारती इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर उजेड पोहोचत नाही, हवा खेळत नाही, आणि या कोंदटपणाचा क्षयरोगाशी संबंध आहे. दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. लिफ्टचे आणि पंपाचे बिल भरता येत नाही म्हणून लिफ्ट बंद पडते. फुकट मिळालेले घर महाग पडते ते असे. आम्ही फुटांसाठी लढलो आणि घराच्या रोजच्या खर्चाचा प्रश्न बिल्डरवर सोडला. ही आमची चूक आहे.

आणखी एक कटू गोष्ट. आमच्या वस्त्यांत विहारे उभी राहत आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण कित्येक ठिकाणी वर्गणीचा पैसा संगमरवर, काचेची दारे आणि रोषणाईत जातो. सभागृहाला खिडक्या नाहीत म्हणून एसीची देणगी मागितली जाते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेल्या लेण्यांत बसून उजेड आणि वारा यांची जाण ठेवणारी ही परंपरा, तिच्या वारसांनी बंद डबे बांधावेत काय? हिशेबाची सुरुवात आपल्या विहारापासून झाली तर कोणी बोट दाखवणार नाही.

हा नकाशा काढणे अवघड आहे काय? नाही. जपानमधले वाकायामा आणि इंग्लंडमधला मँचेस्टरजवळचा सॅलफर्ड की या भागांतील इमारतींत किती साहित्य साठले आहे याचा काळानुसार नकाशा जपानी संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केला. रीत साधी आहे. इमारत कोणत्या सालची, किती मजल्यांची, कशाची बांधलेली, हे घ्यायचे. त्या प्रकारच्या बांधकामाला चौरस मीटरमागे किती साहित्य लागते त्याने गुणायचे. मग गल्ली, प्रभाग, शहर अशी बेरीज करायची. मिरा-भाईंदरमध्ये यातली बरीच माहिती आधीच पडून आहे. महापालिकेच्या कर आकारणीच्या नोंदींत घराचे क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार असतो. वीज कंपनीकडे मीटरगणिक वापर असतो. पाणी खात्याकडे जोडण्या असतात. जनगणनेच्या घरयादीत भिंत, छप्पर, जमीन कशाची, दिवा कशाचा, चूल कशाची, हे विचारलेच जाते. चार दप्तरे चार कपाटांत आहेत, ती एका टेबलावर आणायची आहेत, बस्स.

पण लोक सर्वेक्षणाला घाबरतात आणि त्यांची भीती खोटी नाही. पालीत आम्ही या विषयाची गोष्ट काढली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न हाच केला, की मोजणी झाल्यावर घर राहणार ना? आमच्या वस्त्यांचा अनुभव काही वेगळा नाही. १९७६ साली मुंबईत झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास निघाले. पुढे १९९५, २०००, २०११ अशा तारखा आल्या. प्रत्येक मोजणीने काहींना आत घेतले आणि उरलेल्यांना अपात्र ठरवले. म्हणून आमच्या अटी स्पष्ट आहेत. एक, या मोजणीचा उपयोग कोणालाही बेकायदा ठरवण्यासाठी होणार नाही, हे लेखी हवे. दोन, घराघराची माहिती उघड न करता गल्ली आणि प्रभागाची बेरीज प्रसिद्ध व्हावी. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने ठरले आहे. तीन, साहित्य कुठून आले आणि ते काढणाऱ्या, भाजणाऱ्या, वाहणाऱ्या मजुरांची स्थिती काय, हा रकाना नकाशात असलाच पाहिजे. चार, पुनर्विकासाची परवानगी देताना पाडायच्या इमारतीतून किती साहित्य परत वापरणार हे आधी सांगावे लागेल. पाच, पालीसारख्या गावठाणातली जुनी, थंड, टिकाऊ घरे दुरुस्त करायला मदत मिळावी. ती पाडून टॉवर बांधणे म्हणजेच विकास, हे समीकरण रद्द व्हावे.

मोजणीचे महत्त्व आमच्या वाचकांना आम्ही काय शिकवणार! धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा, हे सांगत दारोदार फिरणारी ही चळवळ आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले ते आपोआप नव्हे. रकाना रिकामा राहिला तर समाज अदृश्य होतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो. २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद घेण्याचा निर्णय झाला आणि तिच्या घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठरला. जातीचा रकाना, धर्माचा रकाना आणि छपराचा रकाना हे वेगवेगळे प्रश्न नाहीत. कोणत्या समाजाच्या डोक्यावर पत्रा आहे आणि कोणाच्या डोक्यावर स्लॅब, कोणाच्या घरी लाकडाचा धूर आहे आणि कोणाकडे दोन एसी, हे एकत्र वाचले की जातीचा नकाशा आणि उन्हाचा नकाशा एकमेकांवर ठेवता येईल. ते आकडे प्रभागवार आणि समाजवार मागण्याचे काम वकिलांचे आणि कार्यकर्त्यांचे आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

शेवटी पुन्हा पालीकडे, पण आता भाषेकडे. पाली विनयपिटकात धनिय नावाच्या कुंभाराच्या मुलाची कथा आहे. भिक्खू झालेल्या धनियाने मातीची कुटी बांधली आणि चहूबाजूंनी जाळ करून ती भाजली. कुटी लालबुंद, सुंदर झाली. भगवंतांनी ती मोडायला लावली, कारण ती भाजताना मातीतल्या जीवांचा विचार झाला नव्हता. दुसरी कथा आळवीच्या भिक्खूंची. ते कुटी बांधण्यासाठी लोकांकडे माणूस मागत, बैल मागत, कुऱ्हाड मागत, माती मागत. लोक इतके त्रासले की भिक्खू दिसला की वाट सोडून पळू लागले. तेव्हा नियम झाला. कुटीचे माप ठरले, जागा आधी संघाने पाहावी असे ठरले, तिथे जीवांची हानी होणार नाही आणि भोवती मोकळी जागा राहील हे पाहावे असे ठरले. घर बांधताना किती घ्यायचे, कोणाकडून घ्यायचे आणि कोणाला इजा होते, हे तिन्ही प्रश्न त्यात आले.

जमिनीच्या नकाशाशेजारी साहित्याचा आणि ऊर्जेचा नकाशा मांडा, ही मागणी मिरा-भाईंदर महापालिकेकडे आणि नगरविकास खात्याकडे पालीच्या मच्छीमारांनी, शहरातल्या सोसायट्यांनी आणि आमच्या वस्त्यांनी मिळून केली पाहिजे. वीट भाजणारी कातकरी बाई त्या नकाशात दिसली नाही, तर तो आम्ही अपुरा म्हणून परत पाठवू.

जयभीम!